कार्ड देशाचं, पेन्शन राज्याची

पुण्याहून बहिणीचा फोन येतो. "अगं, इकडे दिव्यांगांचे पैसे दीड हजाराचे अडीच हजार झाले. तुझ्या सोनूचा अर्ज टाकलास की नाही?" बातमी खरी असते. संजय गांधी निराधार अनुदान योजनेत दिव्यांगांना मिळणारी महिन्याची मदत १५०० वरून २५०० रुपये करायचा निर्णय महाराष्ट्राच्या मंत्रिमंडळानं सप्टेंबर २०२५ मध्ये घेतला. पण ती देवासच्या, धारच्या किंवा सरदारपूर तहसिलीतल्या राजगढच्या घरासाठी नसते. आणि जे या घरांसाठी असतं, त्याची बातमी पुण्याहून येत नाही.

माळव्यातल्या मराठी कुटुंबांची ही जुनीच अडचण आहे. कुणी पवारांच्या दौलतीबरोबर इकडे आले, कुणाचे आजोबा इंदूरच्या होळकर दरबारात कारकून होते, कुणाचे वडील बँक नोट प्रेस सुरू झाली तेव्हा देवासला नोकरीला लागले. घरात मराठी वाहिनी लागते, नातेवाइकांच्या ग्रुपवर मराठी निरोप फिरतात, आणि सरकारी योजनांची माहिती त्याच वाटेनं येते. घराचं रेशन, पेन्शन, मुलाची शाळा मात्र मध्य प्रदेशाच्या नियमांवर चालते. अपंगत्वाच्या बाबतीत हा घोळ महागात पडतो, कारण इथे काही गोष्टी देशभर चालतात, काही राज्याच्या सीमेवर थांबतात आणि काही चक्क घरातल्या कागदांवर अवलंबून असतात. यातलं काय कुठलं हे एकदा नीट कळलं की निम्म्या चकरा वाचतात.

सुरुवात प्रमाणपत्रापासून. दिव्यांगजन अधिकार अधिनियम २०१६ हा कायदा १९ एप्रिल २०१७ पासून लागू आहे. त्याआधीच्या १९९५ च्या कायद्यात अपंगत्वाचे सात प्रकार होते, नव्यात एकवीस आहेत. ही वाढ अजून घराघरांत पोचलेली नाही. अपंग म्हणजे कुबडी, काठी किंवा कानातलं यंत्र, असंच आपण धरून चालतो. प्रत्यक्षात यादीत पार्किन्सन आहे, मल्टिपल स्क्लेरोसिस आहे, दीर्घकाळचा मानसिक आजार आहे, स्वमग्नता आहे, वाचन-लेखनातली विशिष्ट अध्ययन अक्षमता आहे, थॅलेसेमिया आणि हिमोफिलिया आहेत. सिकलसेलही आहे, आणि धारसारख्या आदिवासीबहुल जिल्ह्यात हे मुद्दाम सांगायला हवं. तुमच्या घरात नसेल, पण घरी कामाला येणाऱ्या बाईंच्या मुलाला असू शकेल.

यादीत काय नाही हेही पाहा. फुप्फुसाचे आजार नाहीत. क्षयानं एक फुप्फुस निकामी झालेले कुमार गंधर्व कोरड्या हवेसाठी देवासला येऊन राहिले, पुढे तिथूनच गायले. पण आजच्या नियमांनी निव्वळ त्या फुप्फुसासाठी त्यांना दिव्यांग प्रमाणपत्र मिळालं नसतं. कायदा माणसाचा त्रास मोजत नाही, यादीतला प्रकार मोजतो. तेव्हा अर्ज करण्याआधी आपल्या डॉक्टरांना एवढंच विचारा, की हा आजार एकवीस प्रकारांपैकी कशात बसतो. त्याचं उत्तर मिळालं की बाकीची वाट सोपी होते.

प्रमाणपत्र आणि यूडीआयडी, म्हणजे स्वावलंबन कार्ड, यांचा अर्ज आता केंद्राच्या स्वावलंबन पोर्टलवर एकत्रच होतो. स्वतः करता येतो, नाहीतर एमपी ऑनलाइनच्या कियोस्कवर जा. पोर्टलवर अर्जाला शुल्क नाही. कियोस्कवाला भरून देण्याचे पैसे घेतो ते ठीक, पण "टक्केवारी वाढवून देतो" म्हणणाऱ्या माणसाला चहा पाजून वाटेला लावा. खोटेपणानं लाभ घेतला तर याच कायद्यात दोन वर्षांपर्यंत कैद किंवा लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे.

राजगढच्या लोकांनी अर्ज भरताना एक गोष्ट फार जपावी. मध्य प्रदेशात राजगढ नावाचा वेगळा जिल्हा आहे, ब्यावऱ्याकडचा. आपलं राजगढ हे धार जिल्ह्यातलं, मोहनखेड्याशेजारचं गाव. पोर्टलवर जिल्ह्यांच्या यादीत 'राजगढ' दिसतं, बोट आपोआप तिथे पडतं आणि अर्ज दोनशेहून जास्त किलोमीटरवरच्या परक्या जिल्हा रुग्णालयात जाऊन बसतो. जिल्हा धार, तहसील सरदारपूर, मग गाव राजगढ, याच क्रमानं भरा. कियोस्कवरचा मुलगा भरत असेल तर स्क्रीन आपल्याकडे वळवून घ्या.

दुसरी गोष्ट नावांची, आणि ती फक्त मराठी घरांचीच. आपल्या पद्धतीत नाव, वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव, आडनाव, असं तिन्ही सलग लिहितात. इथल्या कागदांत वडिलांचं नाव वेगळ्या रकान्यात जातं. मग आधारवर 'समीर मधुकर काळे', राज्याच्या समग्र आयडीत 'समीर काले', शाळेच्या दाखल्यावर इंग्रजीत तिसरंच काही. हिंदी टंकलेखकानं ळ चा ल केलेला असतो, काळे-पिंगळे-गोखले सगळे एका माळेत बसतात. माणसाला हसू येतं, संगणकाला येत नाही. नाव जुळलं नाही की केवायसी अडतं, केवायसी अडलं की पेन्शन अडते. म्हणून आधी आधार नीट करून घ्या, मग आधारप्रमाणे समग्र, मग बँक, आणि यूडीआयडीचा अर्ज सर्वांत शेवटी. उलट्या क्रमानं गेलात तर प्रत्येक दुरुस्तीला पुन्हा पहिल्या पायरीवर यावं लागतं.

अर्ज झाला की तपासणी. धारला ती जिल्हा रुग्णालयात, म्हणजे लोकांच्या तोंडी भोज अस्पतालात होते. देवासलाही जिल्हा रुग्णालयातच. वैद्यकीय मंडळ ठरावीक वारी बसतं, तेव्हा वार आधी विचारून निघा. राजगढहून धारला जाऊन "आज बोर्ड नहीं है" ऐकण्यात दिवसाची मजुरी जाते, आणि सोबत व्हीलचेअरवरचा माणूस असेल तर दिवसापेक्षा बरंच काही जातं. जिल्ह्यात त्या विषयाचा तज्ज्ञ नसला तर इंदूरला पाठवतात. जुने सगळे कागद, एमआरआय, औषधांच्या चिठ्ठ्या, शाळेचे अहवाल तारखेनुसार लावून न्या. मंडळासमोर वेळ थोडा असतो. आपल्या लोकांना डॉक्टरांसमोर "तसं बरं आहे" म्हणायची खोड आहे. ती त्या दिवशी घरी ठेवा. मूल स्वतः जेवतं का, शर्टाची बटणं लावतं का, एकटं दुकानात जातं का, रात्री कोणाला उठावं लागतं, हे जसं आहे तसं सांगा. वाढवू नका, लपवूही नका.

बौद्धिक अक्षमतेची किंवा स्वमग्नतेची तपासणी असेल तर आणखी एक गोष्ट तपासणाऱ्या मानसशास्त्रज्ञाला आधीच सांगायची: घरची भाषा मराठी आहे. चाचणी हिंदीत होते. शाळेत जाणारं मूल हिंदी सरावलेलं असतं, पण आजीजवळ घरातच वाढलेल्या, शाळा सुटलेल्या मुलाला 'चम्मच' माहीत नसतो, 'चमचा' माहीत असतो. उत्तर आलं नाही ते समजलं नाही म्हणून की भाषा कळली नाही म्हणून, हा फरक अहवालात यायला हवा. प्रश्न मराठीत समजावून सांगण्याची परवानगी मागा. उपचारांतही हेच. वाचा उपचार हिंदीत चालतात आणि घरात सगळे मराठीत बोलतात. थेरपिस्टशी बसून भाषा ठरवून घ्या आणि घरातल्या सगळ्यांना सांगा, मामा-मावश्यांनासुद्धा.

२०२४ च्या सुधारित नियमांनी प्रमाणपत्र देण्याची मुदत एका महिन्याची तीन महिने केली आहे. मला ही सुधारणा मुळीच पटलेली नाही, पण नियम तो आहे. कार्डांना आता रंग आहेत. ४० टक्क्यांच्या खाली पांढरं, ४० ते ८० च्या आतलं पिवळं, ८० आणि वर निळं. बहुतेक लाभ ४० टक्क्यांपासून सुरू होतात, काही ८० पासून. प्रमाणपत्र नाकारलं तर कारण लेखी द्यावं लागतं, आणि त्याविरुद्ध राज्याच्या अपील प्राधिकाऱ्याकडे दाद मागता येते. तोंडी "नहीं बनेगा" ऐकून परत येऊ नका, लेखी मागा. अध्ययन अक्षमतेचं प्रमाणपत्र साधारण आठव्या वर्षी मिळतं आणि १४ व १८ वयाला पुन्हा तपासणी होते. दहावी-बारावीच्या ऐन तोंडावर ते संपलेलं सापडू नये म्हणून तारीख भिंतीवरच्या कालनिर्णयावर लिहून ठेवा.

एवढा खटाटोप केलेलं हे प्रमाणपत्र संपूर्ण भारतात चालतं, तसं कायद्यातच लिहिलं आहे. पुण्यातून देवासला बदली होऊन आलात तर नवं काढायची गरज नाही, यूडीआयडीवर पत्ता बदलून घ्या. कुणी "महाराष्ट्र का है, यहाँ नहीं चलेगा" म्हणालं तर शांतपणे कलम ५८ दाखवा.

आता राज्याचं. मध्य प्रदेशात सामाजिक न्याय एवं दिव्यांगजन कल्याण विभागाकडून निःशक्त पेन्शन मिळते. २०१९ मध्ये ती महिन्याला ६०० रुपये झाली. दारिद्र्यरेषेखालच्या, १८ ते ७९ वयाच्या, ८० टक्के किंवा जास्त अपंगत्व असलेल्यांसाठी केंद्राची इंदिरा गांधी राष्ट्रीय निःशक्त पेन्शन आहे, त्यातही राज्याची भर पडून रक्कम तेवढीच होते. बहुविकलांग आणि बौद्धिक अक्षमता असलेल्या, सहा वर्षांवरच्या व्यक्तींसाठी वेगळं सहायता अनुदान आहे. दारिद्र्यरेषेची अट या सगळ्यांना सारखी नाही. म्हणून "आपलं बीपीएल कार्ड नाही, आपल्याला काय मिळणार" असं घरीच ठरवून टाकू नका. मध्यमवर्गीय मराठी घरं इथेच गळतात, अर्ज न करता.

या सगळ्याची किल्ली समग्र आयडी. कुटुंबाची आठ आकड्यांची, प्रत्येक माणसाची नऊ आकड्यांची. महाराष्ट्रातल्या नातेवाइकांना हा प्रकार ठाऊकच नसतो, त्यामुळे त्यांच्या सल्ल्यात तो येत नाही. दिव्यांग माणसाचं नाव समग्रमध्ये आहे का, त्यात अपंगत्वाची नोंद आहे का, ई-केवायसी झालं आहे का, एवढं तपासा. अंथरुणाला खिळलेल्या माणसाचं नाव पुष्कळदा समग्रमध्ये घातलेलंच नसतं, कारण तो कुठे जात नाही, त्याला काही लागत नाही, असं घरच्यांना वाटतं. अर्ज शहरात नगर निगमात, नगर पालिकेत किंवा नगर परिषदेत, खेड्यात ग्रामपंचायत आणि जनपद पंचायतीत. राजगढच्या वेशीबाहेरच्या गावात राहत असाल तर सरदारपूरची जनपद.

सहाशे रुपयांत काय होतं, हे मी वेगळं सांगायला नको. पण कायद्यातली एक ओळ सांगायला हवी. २०१६ च्या कायद्याचं कलम २४ म्हणतं, की दिव्यांगांना मिळणारी मदत इतरांच्या तशाच योजनेपेक्षा किमान २५ टक्के जास्त असावी. मध्य प्रदेशात वृद्धांची पेन्शनही सहाशे, विधवांचीही सहाशे आणि दिव्यांगांचीही सहाशेच ठेवली गेली. हिशेब साधा आहे, तो साडेसातशेच्या खाली येत नाही. महाराष्ट्रातही आधी सगळ्यांना सारखंच होतं, ते २०२५ मध्ये वेगळं झालं. त्याआधी, डिसेंबर २०२२ मध्ये, तिथे दिव्यांग कल्याणाचं स्वतंत्र खातं उभं राहिलं होतं. मागणी लावून धरली की हलतं.

त्याच कलमात, जास्त आधाराची गरज असलेल्यांच्या काळजीवाहूसाठी भत्त्याचाही उल्लेख आहे. युरोपात स्लोव्हेनिया नावाचा लहानसा देश आहे, लोकसंख्या साधारण २१ लाख, म्हणजे २०११ च्या जनगणनेतल्या धार जिल्ह्याएवढीच. तिथे २०१९ पासून व्यक्तिगत सहायकाचा कायदा लागू आहे. १८ ते ६५ वयाच्या ज्या माणसाला आठवड्याला किमान ३० तास दुसऱ्याची मदत लागते, त्याला सरकारी खर्चानं सहायक मिळतो, आणि तो कोणत्या कामाला वापरायचा हे तो माणूस ठरवतो. श्रीमंती हे एक कारण आहेच. पण दुसरं कारण असं, की तिथे काळजी घेणं हे काम धरलं आहे. आपल्याकडे ते आईचं कर्तव्य धरलं जातं आणि आई सत्तरीची झाली तरी तिच्याच नावावर राहतं. म्हणून अर्जात, तपासणीत, जनसुनवाईत प्रत्येक वेळी "दिवसाचे किती तास दुसरं माणूस लागतं" हे आकड्यात लिहा. आज त्यावर पैसे मिळणार नाहीत कदाचित, पण नोंद झाल्याशिवाय मागणी उभी राहत नाही.

आणि ज्यांचा बेत आहे की निवृत्तीनंतर सगळं आवरून पुण्याला मोठ्या मुलाजवळ जायचं, त्यांनी थांबून हे वाचावं. संजय गांधी योजनेसाठी महाराष्ट्रात किमान १५ वर्षांचं वास्तव्य लागतं. इकडची पेन्शन इथल्या रहिवाशालाच. म्हणजे गाडी सेंधव्याचा घाट उतरून महाराष्ट्रात शिरली, की इकडचं सुटलं आणि तिकडचं पंधरा वर्षं नाही. एसटीतली ७५ टक्के सवलत महाराष्ट्राच्या नियमांनी चालते. इकडे तर राज्य परिवहनच दोन दशकांपूर्वी गुंडाळलं गेलं, खासगी बसवाल्याच्या मर्जीवर प्रवास. नोकरीतल्या राखीव जागाही अशाच: केंद्रात ४ टक्के, मध्य प्रदेश सरकारच्या नोकऱ्यांत ६ टक्के. ज्यांचं मूल नोकरीच्या वयाचं आहे त्यांनी मूलनिवासी दाखला जपून ठेवावा आणि घाईनं पत्ता बदलू नये.

साधनांसाठी केंद्राची एडिप योजना आहे. व्हीलचेअर, तिचाकी, श्रवणयंत्र, कृत्रिम अवयव हे उत्पन्नाच्या मर्यादेत मोफत किंवा निम्म्या किमतीत मिळतात. कानपूरच्या एलिम्को या सरकारी कंपनीचं उत्पादन केंद्र उज्जैनला आहे, देवासहून ते काही लांब नाही. तालुक्याच्या ठिकाणी शिबिरं होतात, त्यांची सूचना जनपदमध्ये लागते. शिबिरात मिळालेली व्हीलचेअर मापाची नसेल तर घेऊ नका. चुकीच्या मापाच्या खुर्चीनं पाठीला जखमा होतात आणि ती खुर्ची शेवटी कपडे वाळत घालायला राहते. जन्मतः ऐकू न येणाऱ्या लहान मुलासाठी कॉक्लिअर इम्प्लांटला सरकारी मदत आहे, पण पाच वर्षं वयाच्या आत. इथे एक वर्ष "बोलेल हो उशिरा, त्याचा बापही उशिरा बोलायला लागला" म्हणण्यात घालवलं तर ते परत मिळत नाही.

उपचार आणि प्रशिक्षणासाठी इंदूर जवळचं, पण भोपाळच्या वाटेवर दोन सरकारी संस्था आहेत आणि त्या आपल्या लोकांना फारशा माहीत नाहीत. सीहोरला राष्ट्रीय मानसिक स्वास्थ्य पुनर्वास संस्थान आहे, मानसिक आजारातून उठलेल्या माणसाला पुन्हा कामाधंद्याला लावण्यासाठी. भोपाळला संयुक्त क्षेत्रीय केंद्र, सीआरसी, जिथे वाचा उपचार, फिजिओथेरपी, विशेष शिक्षण एका छताखाली मिळतं. देवासहून सीहोर त्याच हमरस्त्यावर.

रेल्वेचं थोडक्यात. यूडीआयडी दाखवलं की तिकीट स्वस्त मिळेल असं समजू नका. रेल्वेचं वेगळं सवलत ओळखपत्र लागतं, त्यासाठी रेल्वेच्याच नमुन्यात सरकारी डॉक्टरचं प्रमाणपत्र. अर्ज आता ऑनलाइन होतो आणि देवास-इंदूरचा भाग रतलाम मंडळात येतो. सोबत्याशिवाय प्रवास न करू शकणारे अस्थिव्यंग, पूर्ण अंध आणि बौद्धिक अक्षमता असलेले यांना स्लीपर आणि थर्ड एसीला ७५ टक्के सवलत आहे, सोबत्यालाही तेवढीच. धारच्या लोकांना गाडी पकडायला आधी इंदूर किंवा रतलाम गाठावं लागतं ते वेगळंच.

शाळेबाबत कायदा स्पष्ट आहे. ४० टक्के किंवा जास्त अपंगत्व असलेल्या मुलाला ६ ते १८ वयापर्यंत मोफत शिक्षण, जवळच्या शाळेत किंवा पालकांच्या पसंतीच्या विशेष शाळेत. खासगी शाळा "आमच्याकडे सोय नाही" म्हणते तेव्हा हेही लेखी मागा. बहुतेक वेळा लेखी मागितल्यावर सोय सापडते. परीक्षेत लेखनिक आणि तासाला किमान २० मिनिटं जादा वेळ. माध्यमिक शिक्षा मंडळाची परीक्षा असो की सीबीएसई, अर्ज नववीतच करून ठेवावा. नववी-दहावीपासून पुढे केंद्राच्या शिष्यवृत्त्या राष्ट्रीय शिष्यवृत्ती पोर्टलवर आहेत.

आता ज्यासाठी हा लेख मुख्यतः लिहिला ते, घरातल्या कागदांचं. मूल १८ वर्षांचं झालं की कायद्यानं सज्ञान होतं, मग त्याला बँकेची सही करता येवो न येवो. आईबाप आपोआप पालक राहत नाहीत. हे कळतं ते बहुधा वडील गेल्यावर, बँकेच्या काउंटरवर. स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता आणि बहुविकलांगता या चार प्रकारांसाठी १९९९ च्या नॅशनल ट्रस्ट कायद्याखाली कायदेशीर पालक नेमता येतो. जिल्ह्यात कलेक्टरांच्या अध्यक्षतेखाली स्थानीय स्तर समिती असते, अर्ज तिच्याकडे. न्यायालयात जावं लागत नाही. आईबापांनी आपल्या पश्चात कोण, याचाही विचार याच वेळी करावा. पुण्याचा भाऊ "मी आहे ना" म्हणतो तेव्हा तो खरंच म्हणत असतो, पण तो देवासच्या बँकेत उभा राहणार आहे का, हेही त्याला विचारा. याच ट्रस्टची निरामय आरोग्य विमा योजना आहे, वर्षाला एक लाखापर्यंत, आधी तपासणीची अट नाही, बाह्यरुग्ण उपचारही धरलेले. बाजारातल्या विमा कंपन्या ज्या मुलाकडे पाहत नाहीत त्याच्यासाठी ही योजना आहे, आणि ती न घेतलेली घरं मला अजून सगळीकडे दिसतात.

दुसरा कागद पेन्शनचा. वडील किंवा आई केंद्र सरकारच्या सेवेतून निवृत्त झाले असतील, तर स्वतः कमावू न शकणाऱ्या दिव्यांग मुलाला किंवा मुलीला कुटुंब निवृत्तिवेतन आयुष्यभर मिळू शकतं, लग्न झालं तरी. २०२१ पासून उत्पन्नाची अटही सैल झाली आहे. मुलाची कमाई त्याला मिळू शकणाऱ्या कुटुंब निवृत्तिवेतनाच्या आणि त्यावरच्या महागाई मदतीच्या आत असली म्हणजे झालं. मुलाचं नाव आईबाप हयात असतानाच पीपीओत, म्हणजे पेन्शन पेमेंट ऑर्डरमध्ये, नोंदवून घेता येतं. बँक नोट प्रेसमधून, पोस्टातून, रेल्वेतून निवृत्त झालेली मराठी माणसं देवास-इंदूरला घराआड एक आहेत. त्यातल्या किती जणांनी हे केलं आहे? कारखान्यातल्या नोकरदारांसाठी भविष्य निर्वाह निधीच्या १९९५ च्या पेन्शन योजनेत कायमचं आणि पूर्ण अपंगत्व असलेल्या मुलाला वयाची मर्यादा न लावता पेन्शन आहे. राज्य सरकारच्या निवृत्तांनी आपल्या कोषागारात नियम विचारून घ्यावा. हे सगळं पालक जिवंत असताना अर्ध्या दिवसाचं काम आहे. नंतर करायला गेलं तर भावंडांमध्ये वर्षं जातात.

कर भरणाऱ्यांसाठी: दिव्यांग अवलंबिताच्या खर्चापोटी जुन्या करपद्धतीत ७५ हजार, आणि ८० टक्के किंवा जास्त अपंगत्व असेल तर सव्वा लाख रुपये उत्पन्नातून वजा होतात. नव्या पद्धतीत ही वजावट नाही. तेव्हा पद्धत निवडण्याआधी सीएला घरात दिव्यांग आहे हे सांगा, तो विचारेलच असं नाही.

अडलं तर कुठे जायचं? मध्य प्रदेशानं २०१० मध्ये लोक सेवा गारंटीचा कायदा केला, देशात पहिला. ज्या सेवा त्याच्या यादीत आहेत त्यांचा अर्ज लोक सेवा केंद्रातून करा, पावतीवर मुदतीची तारीख छापून येते आणि ती उलटली की अपील करता येतं. बाकीच्यांसाठी १८१ ही सीएम हेल्पलाइन. तक्रारीचा क्रमांक लिहून घ्या आणि समाधान झाल्याशिवाय "बंद करा" म्हणू नका, कार्यालयातून गोड फोन आला तरी. मंगळवारी कलेक्टर कचेरीत जनसुनवाई असते. तिथे अर्ज हिंदीत, एका पानाचा, दोन प्रतींत, आणि एक प्रत शिक्का मारून परत घ्यायची. त्याच्याही वर भोपाळला आयुक्त निःशक्तजन आहेत. एकट्यानं जाणं जमत नसेल तर आपल्या गावच्या महाराष्ट्र समाजातल्या कुणाला तरी सोबत न्या. गणेशोत्सवात मंडप घालायला जे पन्नास जण येतात, त्यातल्या दोघांना वर्षातून चार मंगळवार मागायला हरकत नाही. उलट समाजाच्या कार्यकारिणीनंच हे काम अंगावर घ्यावं, असं माझं मत आहे. शिष्यवृत्त्या वाटणं चांगलंच, पण गावातल्या मराठी घरांत किती दिव्यांग माणसं आहेत याची साधी यादीही आपल्याकडे नसावी, हे बरं नाही.

पुण्याच्या बहिणीला मोडता घालू नका. तिच्याकडून ऐकलेलं एका कागदावर लिहा आणि समोर लिहा: देशाचं की महाराष्ट्राचं. देशाचं असेल तर आपलंही. आणि या आठवड्यात दोनच कामं करा. समग्रमध्ये घरातल्या दिव्यांग माणसाचं नाव आणि नोंद तपासा, आणि निवृत्त आईबापांच्या पीपीओत त्याचं नाव आहे का ते पाहा. नसेल तर सोमवारी अर्ज द्या.